गळ, बंदूक आणि राखण

भारतात बंदूक बाळगायची तर परवाना लागतो. अर्ज, पोलिसांची चौकशी, जिल्हाधिकारी कचेरीतले हेलपाटे आणि मुदत संपली की पुन्हा तेच. या नियमाला कर्नाटकातला कोडगू जिल्हा अपवाद आहे. तिथे कोडव समाजातल्या माणसाला आणि पूर्वापार ‘जम्मा’ जमीन धारण करणाऱ्या कुटुंबांना परवान्यातून सूट आहे. भाताची लावणी उरकली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळ्द हा सण येतो. घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडतात, त्यांना फुलं वाहतात आणि मग मैदानात नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा लागतात. घरात मुलगा जन्मला की एक बार काढायचा आणि माणूस गेला की दोन, अशी तिथली रीत.

याच जिल्ह्यात मडिकेरीला कूर्ग वाइल्डलाइफ सोसायटी ही संस्था आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे वालनूरजवळचा कावेरीचा एक पट्टा आहे. तिथे गळ टाकायचा तर संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि लागलेला महाशीर मासा पुन्हा पाण्यात सोडावा लागतो. गेल्या दशकात म्हैसूर-कोळिकोड उच्चदाब वीजवाहिनीसाठी कोडगूतली झाडं तोडायला निघाले, तेव्हा हीच संस्था कोर्टात गेली.

बंदुकीची पूजा करणाऱ्या मुलखात मासा सोडून द्यायचा नियम पाळला जातो, झाडांसाठी खटला लढवला जातो, याचं शहरी निसर्गप्रेमीला नवल वाटतं. खरं तर त्यात नवल काही नाही. भारतात वन्यजीव रक्षणाचे सुरुवातीचे कायदे, पहिल्या गणना आणि पहिले पगारी राखणदार यांच्यामागे बऱ्याच ठिकाणी शिकाऱ्यांची आणि गळ टाकणाऱ्यांची मंडळंच होती. त्यांनी राखलं ते खरोखर राखलं. पण कोणासाठी राखलं आणि कोणाला बाहेर ठेवून राखलं, हेही त्याच दमात विचारायला हवं.

निळ्या डोंगरातला कायदा

सुरुवात निलगिरीत झाली. उटीच्या थंड हवेत स्थिरावलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या लक्षात आलं की आपण बेसुमार मारत सुटलो आहोत. सांबर विरळ झालं, डोंगरकड्यांवरचा निलगिरी ताहर दिसेनासा झाला. १८७७ साली त्यांनी संघटना उभी केली आणि दोनच वर्षांत, १८७९ मध्ये, मद्रास सरकारकडून निलगिरीपुरता शिकार आणि मत्स्यरक्षणाचा कायदा करून घेतला. विणीच्या काळात बंदी, शिकारीसाठी परवाना, कोणी किती जनावरं मारायची याची मर्यादा आणि परवाना शुल्कातून राखणदारांचा पगार, अशी ही व्यवस्था होती. पुढच्या शंभर वर्षांत देशभर झालेल्या कायद्यांचा साचा त्यात जवळजवळ पुरता दिसतो.

केरळच्या हाय रेंजमध्ये, मुन्नारच्या चहामळ्यांवर, मळेवाल्यांनी असंच केलं. एरविकुलमचं गवताळ पठार त्यांनी शिकारीसाठी राखून ठेवलं, आपली शिकाररक्षक संघटना काढली आणि डोंगरातल्या मुथुवन आदिवासींना राखणदार नेमलं. १९७१ साली केरळ सरकारने कण्णन देवन डोंगरावरची जमीन कायदा करून परत घेतली. तेव्हा ती शेतीसाठी वाटून टाकण्याऐवजी १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. आज निलगिरी ताहराचा सर्वांत मोठा कळप-समूह तिथे आहे. मळेवाल्यांनी ते पठार शिकारीच्या हौसेपायी मोकळं ठेवलं नसतं, तर तिथेही चहाच लागला असता.

निलगिरीच्या संघटनेतूनच ई. आर. सी. डेव्हिडार आले. पेशाने वकील, एके काळी स्वतः शिकारी असलेल्या या माणसाने १९६३ साली निलगिरीचे कडे पालथे घालून ताहरांची मोजदाद केली आणि बारा वर्षांनी ती पुन्हा केली. वनखात्याकडे अशी गणना करायची पद्धत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. शिकाऱ्याला जनावर कुठल्या वाऱ्याला, कुठल्या वेळी, कुठल्या कड्यावर उभं राहतं हे ठाऊक असतं. बंदूक खाली ठेवली तरी ती नजर जात नाही.

या कथेची दुसरी बाजू मात्र संघटनांच्या जुन्या अहवालांत नीट सापडत नाही. साहेब रायफलने सांबर मारी तेव्हा तो ‘खेळ’ होता, आणि डोंगरातला इरुळ किंवा कुरुंब फासा लावून भेकर धरी तेव्हा तो ‘चोर’ ठरे. जाळं, फासा, खड्डा, रात्रीची शिकार ही सगळी गरिबाची साधनं नियमांनी निषिद्ध केली. परवान्याची फी भरू शकणाऱ्याच्या साधनांना मात्र हंगाम मिळाला. जे राखायचं ते कोणतं, हेही हौसच ठरवत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीच्या ओढ्यांत परदेशी ट्राउट मासा मुद्दाम आणून सोडला गेला, कारण गळाला तो झुंजार लागतो. तिथल्या मूळ माशांचं काय होईल, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही.

मुंबईची मंडळी

मुंबईत हा धागा जरा निराळा विणला गेला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया म्युझियममध्ये आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. बाकीच्यांत कीटक गोळा करणारे होते, तसे शिकारीही होते. पुढे कित्येक दशकं सोसायटीच्या नियतकालिकात शास्त्रीय टिपणांच्या शेजारीच वाघ-अस्वलांच्या शिकारीच्या हकिगती आणि गळाला लागलेल्या माशांची वजनं छापून येत. १९११ साली सुरू झालेल्या सस्तन प्राण्यांच्या मोठ्या पाहणीला पैसा पुरवण्यात आणि नमुने पाठवण्यात बागाईतदार आणि शिकारी सभासदांचा वाटा मोठा होता. सलीम अलींचं पक्षिजीवन छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झालं, हे तर सर्वश्रुत आहे.

याच परंपरेतले हुमायूं अब्दुलाली. पक्षी आणि बंदूक दोन्हींत मुरलेला हा माणूस सोसायटीचा मानद सचिव होता. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. कुठल्या पक्ष्याला कुठल्या महिन्यात हात लावायचा नाही, याचं ज्ञान कायद्याच्या भाषेत उतरवायला असाच माणूस हवा होता.

त्याच १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले दादासाहेब मावळंकर, म्हणजे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले तेच. नेमबाजीच्या एका राष्ट्रीय स्पर्धेला आजही त्यांचं नाव आहे. हा योगायोग असला तरी मला तो सूचक वाटतो. तिथून पुढे बंदुकीची संघटना आणि रानाची संघटना यांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. एकीला लक्ष्य कागदाचं मिळालं, दुसरीच्या हातात दुर्बीण आली.

कायदा बदलतो तेव्हा

स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं जंगलासाठी फार वाईट गेली. संस्थानं गेली, त्यांची राखीव शिकारराने मोकळी झाली, युद्धातून उरलेल्या जीपगाड्या आणि झगझगीत दिवे बाजारात आले. परदेशी पाहुण्याला वाघ मिळवून देणाऱ्या शिकार कंपन्या जोरात होत्या. १९६९ मध्ये दिल्लीत जागतिक निसर्ग संवर्धन संघाची महासभा भरली, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला.

या कायद्याने शिकार एका फटक्यात संपवली, असा समज आहे. तो बरोबर नाही. मूळ कायद्यात मोठ्या शिकारीचे, छोट्या शिकारीचे, सापळ्याचे असे परवाने होतेच. ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले. आज माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा पिकाची नासाडी होत असेल, तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने विशिष्ट जनावर मारता येतं. हौसेची शिकार मात्र कायद्यात उरलेली नाही.

त्याच कायद्याचं ३४ वं कलम बंदुकीकडे वळतं. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना द्यायचा नाही, असं ते सांगतं. म्हणजे शस्त्र कायदा गृहखात्याचा असला, तरी रानाच्या वेशीवर त्याची एक किल्ली वनखात्याच्या कमरेला आहे.

शिकाऱ्यांच्या जुन्या संघटनांपुढे दोनच मार्ग होते, विसर्जन किंवा रूपांतर. निलगिरीच्या संघटनेने आणि मुन्नारच्या संघटनेने नावातली ‘शिकार’ काढून ‘वन्यजीव’ आणि ‘पर्यावरण’ घातलं. गळवाले मात्र गळ टाकत राहिले. मासा पकडून सोडता येतो, ही त्यांची सोय होती. आणि या साऱ्या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती माशाच्याच बाबतीत.

लोणावळ्याहून कावेरीला

महाशीर हा आपल्या नद्यांचा मल्ल. वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी, खडकाळ तळ आणि खोल डोह त्याला लागतात. १८३९ साली कर्नल साइक्सने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन केलं. तीच आज टॉर खुद्री म्हणून ओळखली जाणारी निळसर पंखांची जात. कावेरीच्या खोऱ्यात याहून वेगळा, पाठीला उंचवटा असलेला, सोनेरी-केशरी झाकेचा महाशीर राहतो. १९४६ साली म्हैसूरच्या प्रसिद्ध व्हॅन इंगेन घराण्यातल्या शिकाऱ्याने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, महाशीर गळाला लावला. तो विक्रम कित्येक दशकं गळवाल्यांच्या तोंडी राहिला.

नंतर धरणं आली, आणि धरणांबरोबर सुरुंग आले. दारूचा एक बार डोहात टाकला की लहानमोठे सगळे मासे पोट वर करून तरंगतात. सत्तरच्या दशकात कावेरीत महाशीर उरलाच नाही, असं बोललं जाऊ लागलं. १९७७-७८ मध्ये काही इंग्रज गळवाले नदीकाठाने हिंडत आले आणि त्यांना तो सापडला, तोही प्रचंड आकाराचा. १९७२ साली बंगळूरला स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने नदीचा एक पट्टा राखायला घेतला. पुढे भीमेश्वरी, दोड्डमक्कळी, गलिबोर इथे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचे कॅम्प उभे राहिले. परदेशी गळवाला महाग परवाना काढी, मासा पकडून, वजन करून पाण्यात सोडी. आदल्या वर्षापर्यंत सुरुंग लावणारी काठच्या गावांतली माणसं या कॅम्पांवर वाटाडे आणि राखणदार झाली. मेलेल्या माशाचे एकदाच पैसे मिळतात, जिवंत माशाचे दर हंगामात मिळतात, हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आता यात महाराष्ट्र येतो. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटा वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महाशीर प्रजननाचं काम सुरू केलं. आपल्या जलविद्युत प्रकल्पांच्या तलावांतले मासे राखावेत, हा मूळ हेतू. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी कृत्रिम प्रजननाचं तंत्र बसवलं आणि खुद्री महाशीराची बोटुकली लाखांनी तयार होऊ लागली. ती देशभरच्या नद्यांत, तलावांत गेली. कावेरीतही गेली. महाशीर संपत चालला आहे, महाशीर आणून सोडा, इतकं सोपं ते गणित होतं. गळवाल्यांनी, मत्स्यखात्याने, उद्योगाने सर्वांनी सद्‌हेतूने हातभार लावला. हा महाशीर आणि तो महाशीर एक नव्हे, हे बारकाईने पाहायला कोणी थांबलं नाही.

गलिबोरच्या कॅम्पवर मात्र रोजची नोंद ठेवली जात होती. कोणी किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी अभ्यासल्या. सुमारे तेवीस हजार तासांचा गळ आणि सहा हजारांहून जास्त महाशीर, एवढा ऐवज त्यांत होता. वरवर पाहता चित्र छान दिसत होतं, कारण मासे वाढत होते. पण वाढत होता तो निळ्या पंखांचा, बाहेरून आलेला खुद्री. कावेरीचा स्वतःचा, उंचवट्याच्या पाठीचा महाशीर वर्षागणिक कमी लागत होता, आणि जो लागत होता तो आधीपेक्षा थोराड होता. याचा अर्थ भयंकर होता. म्हातारे मासे तेवढे उरले होते, नवी पिढी येतच नव्हती. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणं होतीच. त्यांत आपण सोडलेल्या पाहुण्याची भर पडली होती.

२०१८ मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. खुद्री मात्र त्या यादीत आज निर्धास्त गटात आहे. चूक गळवाल्यांच्या हौसेने केली आणि ती उघडकीस आणली तीही गळवाल्यांच्या टिपणांनी. सरकारी दप्तरात या नदीच्या पंधरा वर्षांची अशी माहिती दुसरी नव्हती.

आणि नेमक्या याच सुमारास गळ बंद झाला. अभयारण्यात वन्यजीव पकडण्याचा प्रयत्न म्हणजेच शिकार, या कायद्याच्या अर्थावर बोट ठेवून कावेरी अभयारण्यातल्या गळावर बंदी आली. कायद्याच्या अक्षराला धरून ती चूक म्हणता येणार नाही. गळाचा आकडा तोंडात रुतल्यावर माशाला यातना होत नाहीत, असंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण कॅम्पाच्या पैशावर उभी असलेली राखण बंदीबरोबर सैल झाली आणि नोंदीही थांबल्या, ही खंत अभ्यासकांनी मांडली. ज्याला मासा हवा होता तो दूर झाला. ज्याला मासा बाजारात न्यायचा होता त्याला पाहणारं आता कोणी उरलं नाही.

बंदुकीची बाजू

गळाचं मासा सोडून भागतं, बंदुकीचं तसं नाही. म्हणून शस्त्र कायद्याच्या चर्चेत संघटनांचा सूर निराळा लागतो. कोडगूची सवलत १८६१ ची, कंपनी सरकारच्या जागी राणीचं सरकार आल्यानंतरच्या निःशस्त्रीकरणातून दिलेली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ती सरकारला सूट देण्याचा अधिकार देणाऱ्या ४१ व्या कलमाखाली चालू राहिली. जात आणि जमीनधारणा पाहून सूट देणं समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असं म्हणत तिला आव्हान दिलं गेलं. केंद्राने २०२९ पर्यंतची मुदत घालून सूट कायम ठेवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ती वैध ठरवली. सूट आहे ती परवान्यातून. त्या बंदुकीने रानडुक्कर मारला तर कोडवावरही गुन्हा दाखल होतोच.

२०१९ ची दुरुस्ती आठवा. एका व्यक्तीकडे तीन बंदुका चालत, त्यावरून थेट एकावर आणायचा मसुदा आला. नेमबाज, जुनी घराणी, सीमेवरच्या आणि डोंगरी भागातले लोक यांनी विरोध केला आणि अखेर संख्या दोनवर थांबली. या साऱ्या वादात खेळाडूचा सराव, वाडवडिलांची ठेव, स्वसंरक्षण हे मुद्दे आले. रानाचा मुद्दा कोणी काढलाच नाही.

अमेरिकेत नेमकं उलट आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफली, बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याने १९३४ पासून दरवर्षी ‘डक स्टॅम्प’ घ्यायचा आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखायच्या. १९५० मध्ये गळाच्या सामानावरचा करही तसाच वळवला गेला. तिथल्या शिकारी संघटना म्हणून ताठ मानेने सांगतात की पैसा आमचा आहे. त्याची किंमतही आहे. बंदुकांचा खप वाढला की वन्यजीव खात्याची तिजोरी भरते, मग बंदुकीवर बंधनं आणताना संवर्धनवाल्यांची जीभही जड होते. आपल्याकडे हे नातं जोडलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटत नाही. पण तो धागा तोडल्यावर राखणदाराचा पगार कुठून यायचा, याचं उत्तर आपण दिलेलं नाही.

कोकणातला परवाना

हा प्रश्न आज सर्वांत टोचतो तो आपल्या कोकणात. इथे पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका अजून घरोघर आहेत, कुठे एकनळी, कुठे ठासणीची. पूर्वी गावची पारध निघे, हाकारे उठत, वाटे पडत. ते कायद्याने संपलं. डुक्कर, माकडं आणि गवे मात्र भातात, नारळात, काजूत उतरतात. परवान्याची बंदूक पिकासाठी आहे, पण तिने डुक्कर मारायचं तर वेगळी परवानगी हवी, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. मग माणूस कुंपणात चोरून वीज सोडतो किंवा फासा लावतो, आणि त्यात डुकराऐवजी बिबट्या अडकतो. परवान्याच्या बंदुकीचा निदान हिशेब असतो. तारेच्या फाशाचा नसतो.

केरळने २०२२ मध्ये एक पाऊल टाकलं. पंचायतीच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन शेतात शिरलेल्या रानडुकरावर गोळी झाडण्याची परवानगी गावपातळीवर आणली, आणि गोळी झाडायची ती यादीतल्या परवानाधारक नेमबाजाने. विष, स्फोटकं, विजेची तार यांना मनाई. परवाने कमी होत गेल्यामुळे असे नेमबाज पुरेसे मिळत नाहीत, ही तिथली नवी अडचण. तरीही त्यात एक मोलाची गोष्ट आहे. बंदूक, परवानगी आणि जबाबदारी प्रथमच एका गावाच्या हद्दीत एकत्र आली.

मंडळाची ताकद त्याच्या सभासदांच्या श्रीमंतीत कधीच नव्हती. रोज तिथे असणं, जनावर ओळखणं आणि ते उरावं यात स्वतःचा काही लाभ असणं, या तीन गोष्टींत ती होती. निलगिरीच्या साहेबांकडे या तिन्ही होत्या. डोंगरातल्या इरुळांकडे पहिल्या दोन त्यांच्याहून जास्त होत्या, तिसरी त्यांच्याकडून काढून घेतली गेली. विदर्भात अकोला-वाशीमच्या माळरानांवर आज फासेपारधी समाजातले लोक तणमोर पक्ष्याचा माग ठेवतात, गवताळ रानं राखायच्या कामात उभे राहतात. ज्यांच्या वाडवडिलांना कायद्याने गुन्हेगार ठरवलं, त्यांचंच ज्ञान आता अहवालांत येतं. हे काम सन्मानाने आणि मोबदल्याने चालायला हवं, नाहीतर तीही नुसती वेठच.

पुढचा कायदा करताना म्हणून शिकार हवी की नको यावर सगळी शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही. तो वाद १९९१ मध्ये संपला आहे आणि तो पुन्हा उकरायचं कारण मला दिसत नाही. ठरवायचं ते एवढंच, की नदीच्या या पट्ट्यावर, या माळावर, या शेताच्या बांधावर रोज कोण उभं राहणार, नोंद कोण ठेवणार, त्याला पैसे कोण देणार आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा. गळवाल्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या मंडळांनी यांतल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दीडशे वर्षांपूर्वीच शोधली होती. चौथा प्रश्न त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. आपल्याकडे आता ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे, कोर्टं आहेत. तो विचारता येईल अशी सोय आहे, फक्त पहिल्या तिघांची उत्तरं आपण वनखात्याच्या रिकाम्या पदांवर सोडून दिली आहेत.